उणे दोनशे अंशांवरचा ऑक्टोबर

भिवंडीत बाहेरगावचे पाहुणे आले की पहिल्या तासाभरात विचारतात, या आवाजात तुम्ही झोपता कसे? आणि आम्ही विचारतो, कुठला आवाज? यात ऐट काही नाही. लूमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या आणि तिथे वाढलेल्या माणसाला ती खटखट ऐकू येतच नाही. ऐकू येतं ते तिचं थांबणं. मी सांगते त्या काळात ऑक्टोबर लागला की वीज कपातीचं वेळापत्रक लागायचं. भर दुपारी लाइट जायची, गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प व्हायचे आणि पाळण्यातली पोरं दचकून उठून रडायला लागायची. रातपाळी करून झोपलेले बाप्येही उठून बसायचे. मग घरोघरी बायका सुताच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालायला बसायच्या. आमच्याकडचा पुठ्ठा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असे.

यंदाचा ऑक्टोबरही तसाच तापला आहे. लाइट आता पूर्वीइतकी जात नाही. पडघ्याकडची भातं कापणीला आलीत, आणि वळ गावात जिथे भात असायचं तिथे गोदामांचे निळे पत्रे चकाकतात. मी आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. काल प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एका मुलीने तापमापी बीकरच्या काठाला नुसती टेकवून ठेवली, आकडा वहीत उतरवला आणि मोकळी झाली. पाण्याला पारा लागलाच नव्हता. नियमाने तिचे मार्क कापायला हवे होते. मी पुढे होऊन तापमापी पाण्यात बुडवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

पाच वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी उणे दोनशे अंशांवर होते.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. प्रयोगशाळा तळघरात, खिडकी नाही, दाराला काळे पडदे. आत लेसरचा हिरवा झोत आणि स्फटिक थंड करणारं एक यंत्र. त्या यंत्राला पंप होता आणि तो चालू झाला की दिवसभर खटखट, खटखट. बाकीचे कानात कापूस घालून बसत. एका सिनियरचं म्हणणं होतं की या आवाजाने त्याची दाढ दुखते. मी मात्र त्याच यंत्राशेजारी टेबलावर डोकं टेकून खुशाल डुलकी काढायची. आमचे सर म्हणायचे, हे यंत्र या भिवंडीच्या मुलीला आंदण देऊन टाका. यंत्र एक आणि वापरणारे दहा, त्यामुळे नंबर लावावा लागे. एकदा नंबर हुकला की पुढचा कधी लागेल ते कोणी सांगू शकत नसे. त्या नंबरापायी लोक लग्नाच्या तारखा मागेपुढे करत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझा स्फटिक काळा, चकचकीत आणि नखाएवढा. लोखंड, फॉस्फरस आणि गंधक यांचा, पापुद्र्यावर पापुद्रा रचलेला. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा पापुद्रा अलगद निघून येई आणि खाली कोवळा, आरशासारखा पृष्ठभाग दिसे. एकदा मी एक तुकडा डबीतून घरी आणला होता. आई तेव्हा गल्लीतल्या शेडमध्ये कांडी मशीनवर काम करायची. लूमच्या धोट्यात जी सुताची छोटी रिळं बसतात त्यांना कांड्या म्हणतात, त्या दिवसभर भरायच्या. मी डबी घेऊन तिथेच गेले. धाग्याची सवय असलेल्या बोटांनी तिने तो तुकडा नखावर घेतला, उजेडाला धरला आणि कांद्यासारखा सुटतो का म्हणून विचारलं. मग मी तिला माझं काम समजावून सांगितलं, आयुष्यात एकदाच. म्हटलं, याच्या आत अणू ताण्याबाण्यासारखे ओळीत बसलेले असतात आणि त्यांची ती जाळी सतत थरथरत असते. लोखंडाचा एकेक अणू म्हणजे एकेक बारीक लोहचुंबक. गरम असताना त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात. खूप थंड केलं की एका ठरावीक थंडीला सगळे रांग धरतात, आणि त्यांनी रांग धरली की जाळीची थरथर बदलते. ती थरथर मला पाहायची आहे.

ती कशी बघायची, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उजेड टाकून. टाकलेला बहुतेक उजेड आला तसाच परत जातो. त्यातला चिमूटभर मात्र जाळीच्या थरथरीला थोडीशी ऊर्जा देऊन, रंग किंचित बदलून परत येतो. तो निवडून घ्यायचा आणि कागदावर त्याच्या रेघा उमटवायच्या. आईचे हात मशीनवर चालूच होते.

"म्हंजी तुजे बाबा लूमवर हात ठेवून बघतात तसंच की," ती म्हणाली. "तू उजेडाचा हात ठेवतेस."

माझ्या प्रबंधाची प्रस्तावना चाळीस पानांची आहे. त्यात इतकं सोपं वाक्य एकही नाही.

बाबा जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. शेठने कारखान्यात मीटर बसवले होते, पण बाबा त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसत. लूमच्या सांगाड्यावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि सांगायचे, इथे ढिला आहे. मोटरला हात लावायचा तर उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. करंट असला तर हात आपसूक मागे येतो, हे त्यांनी मला पाचवीत शिकवलं होतं. आईही आमचा ताप असाच बघायची. उलटा हात मानेला. घरात थर्मामीटर आणला तो मी, कॉलेजात गेल्यावर, आणि आणला तेव्हा सगळ्यांना त्याच्यावर एक छोटं व्याख्यानही दिलं. हाताने कळलेला ताप हा अंदाज असतो, असं मी म्हणाले होते. आई हसली होती.

त्या ऑक्टोबरात माझा नंबर सोमवारी लागला. माझ्या स्फटिकात लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज घातलेलं होतं. शुद्ध स्फटिकात उणे दीडशेच्या आसपास रांग धरली जाते, एक रेघ सरकते आणि एक नवी बारीक रेघ उभी राहते, हे आधीच्या लोकांनी दाखवून ठेवलं होतं. माझ्यात ती कुठे उभी राहते एवढंच पाहायचं होतं. पण त्या एवढ्याशावर माझी साडेचार वर्षं टांगलेली होती. फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती.

सोमवारी सकाळी भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली, अंगात निस्ता जाळ होतोय. मी बॅग भरत होते. लाइट जायच्या आत कांड्या व्हायला हव्यात म्हणून ती लवकर शेडवर गेली. मी निघताना कपाटातून थर्मामीटर घेतला आणि बसच्या रस्त्यावरच असलेल्या शेडमध्ये शिरले. आई मशीनवर होती, शेजारच्या मशीनवर रझियाखाला. खाला आमच्या गल्लीतलीच, आईच्या शेजारी बसून तिची बारा वर्षं गेलेली. मी थर्मामीटर झटकून आईच्या हातात दिला. तिने तो काखेत धरला, पदर नीट केला आणि धागा सांधायला लागली. मी घड्याळ लावून उभी राहिले. दोन मिनिटांनी थर्मामीटर घेतला आणि दाराच्या उजेडात पाहिला. नव्याण्णवच्या जरा खालीच होता. मी तसं सांगितलं. अंगदुखी असेल, गोळी घेऊन पड, असंही सांगितलं.

"मंग? न्हाय ना ताप? जा आता," आई म्हणाली. "गाडी चुकंल."

गाडी चुकली नाही. मानकोलीला ट्रकांची रांग लागली होती तरी मी अकराच्या आत तळघरात होते.

तीन दिवस मी तिथेच राहिले, वरच्या हॉस्टेलमध्ये. स्फटिक थंड करत नेला. शून्य, उणे पन्नास, उणे शंभर, उणे दीडशे, उणे दोनशे. थर्मामीटरचे आकडे घड्याळासारखे उतरत गेले. रेघा मात्र जिथल्या तिथे. नंबराचे दिवस थोडे आणि मोजायचं खूप, म्हणून मी उजेड वाढवला. जास्त उजेड टाकला की रेघ लवकर उमटते. आईबाबांकडे फोन नव्हता, म्हणून पहिल्या संध्याकाळी गल्लीतल्या दुकानात फोन केला होता. आई आली नाही, दुकानदाराच्या मुलाकरवी निरोप आला की बरी आहे, काम कर. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. चुलतभाऊ होता. आईला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पोहोचले तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती. डॉक्टर तरुण होते. संसर्ग रक्तात गेला होता, ते म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर.

इथून पुढचं लिहिताना माझी पंचाईत होते, कारण मला काही झालं नाही. हे मी तेव्हाही कोणाला सांगू शकले नाही. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी चहाचे कप मोजून आणले. कोणाला फोन करायचे याची यादी केली. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या बायका माझ्याकडे बघून म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. मी मेणबत्त्या लावल्या, पाठ म्हटले, जेवण वाढलं. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय असून नसल्यासारखा होतो. चिमटा घेतला तर दिसतो, लागत नाही. मी तशी होते, सगळीच्या सगळी. भूक लागायची, झोप यायची. आईचं लुगडं दोरीवर तसंच वाळत होतं, ते मी घडी करून ठेवलं आणि घडी सरळ आली याचं मला बरं वाटलं. एवढंच वाटलं.

मनात एक भीती होती आणि ती रोज तीच होती. आपल्याला आईचं काहीच वाटत नाही की काय? नव्याण्णवच्या जरा खालचा तो आकडा मला स्वच्छ आठवायचा, पाऱ्याची टोकाशी किंचित वाकडी दिसणारी रेघसुद्धा. आकडा बरोबर वाचला होता. तो आकडा असताना कोणीही कामाला निघून गेलंच असतं, असं मी स्वतःला सांगायची आणि ते मला पटायचं. पटून मी झोपायची. आपली आई गेली आणि आपण शांत झोपतो, हे काही बरं लक्षण नाही, एवढं कळण्याइतकी शुद्ध मला होती.

पंधरा दिवसांनी मी प्रयोगशाळेत परत गेले. सरांनी माझी खुर्ची खिडकी असलेल्या खोलीत हलवली. मी ऑक्टोबरच्या रेघा एकाखाली एक लावल्या. वरपासून खालपर्यंत सगळ्या सारख्या. उणे दोनशेला जे, तेच उणे पन्नासला. सरांनी पुष्कळ वेळ पाहून सांगितलं, की नोव्हेंबरअखेर एकाने नंबर सोडला आहे, तो तुला देतो. तेव्हाही असंच आलं तर या स्फटिकात रांग धरलीच जात नाही असं लिहून टाक. निष्कर्ष तोही असतो. मी मान हलवली. त्या कागदाकडे बघताना मला अगदी ओळखीचं वाटत होतं. इतकं थंड झालं, तरी आत काहीही हललेलं नाही.

नोव्हेंबरातली एक दुपार. मी रविवारची घरी होते. बाबा रातपाळीहून येऊन झोपले होते. कपात अजून चालू होती. लाइट गेली, लूम थांबले आणि बाबा उठून बसले. बसल्या बसल्या त्यांनी दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिलं. पुठ्ठा खिळ्यालाच होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग खाली बघायला लागले. मी उठून पुठ्ठा काढला आणि त्यांच्याजवळ बसून वारा घालायला लागले. मला वारा नीट घालता येत नाही, मध्येच हात थांबतो. शांतता फार झाली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्यांना स्फटिकाचं सांगायला लागले. किती थंड केला, रेघ कशी हलत नाही, सर काय म्हणाले.

बाबांनी विचारलं, थंड झालाय हे कशावरून? मी म्हटलं, थर्मामीटर आहे ना, उणे दोनशे दाखवतो. तो कुठे लावलाय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खाली तांब्याच्या पट्टीला. तिलाच वर स्फटिक चिकटवलेला असतो.

"मीटर जिथं लावलाय तिथलाच सांगतो," बाबा म्हणाले. "बेरिंग तापलीय का न्हाय, ते बेरिंगला हात लावल्याबिगर कसं कळनार?"

माझा हात थांबला. बाबांना वाटलं मी दमले, म्हणून त्यांनी पुठ्ठा माझ्याकडून घेतला.

नोव्हेंबरअखेर मी पहिल्यांदा ते केलं जे सुरुवातीलाच करायला हवं होतं. स्फटिकाचा ताप स्फटिकालाच विचारता येतो. परत येणाऱ्या उजेडातला काही जाळीला ऊर्जा देऊन येतो, तसा काही जाळीकडून ऊर्जा घेऊनही येतो. थंड जाळीकडे द्यायला फारसं काही नसतं, त्यामुळे ही दुसरी रेघ अगदी अशक्त असायला हवी. ती मोजायला वेळ लागतो म्हणून मी तिच्या वाटेला कधी गेलेच नव्हते. आता मोजली तर ती चांगली ठसठशीत आली. खाली तांब्याची पट्टी उणे दोनशेला होती आणि वर, माझा हिरवा ठिपका पडत होता तिथे, स्फटिक उणे शंभरही नव्हता. यंत्र उघडून पाहिलं. चिकटवलेला पापुद्रा एका कोपऱ्याला उचललेला होता. खालची थंडी वर पोहोचतच नव्हती, आणि वरून मी घाईघाईने वाढवलेला उजेड त्याला तापवत होता. ज्याने पाहायचं त्यानेच तो तापत होता, आणि मी खालचा आकडा वाचून वहीत लिहीत होते.

स्फटिक पुन्हा नीट चिकटवला, चारही कोपरे दाबून. उजेड इतका कमी केला की ठिपका डोळ्यांना जेमतेम दिसावा. जी रेघ दहा मिनिटांत उमटायची तिला आता पाच-पाच तास लागायला लागले. करण्यासारखं काही नव्हतं. यंत्राची खटखट चालू होती आणि मी स्टुलावर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, उणे एकशे सत्तरच्या खाली, कागदावर एक बारीक रेघ उभी राहायला लागली. आधी ती नुसती धूळ वाटली. मग ती धूळ नव्हती. सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, वहीत सही केली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी चहा घेतला. आत आनंद शोधला, सापडला नाही.

त्याच स्टुलावर बसल्या बसल्या मला ती सोमवारची शेड दिसायला लागली. आईच्या ब्लाउजच्या लाल बाह्या, कोपरापर्यंत. थर्मामीटर काखेत जाताना मी पाहिला होता का? घड्याळ पाहिलं होतं. पदर पाहिला होता. पारा अंगाला टेकलेला मी पाहिला नव्हता. आणि मी तिला हात लावला नव्हता. मानेला नाही, कपाळाला नाही, निघताना हातालासुद्धा नाही. आकडा घेतला आणि निघाले.

शनिवारी मी शेडवर गेले. आईच्या मशीनवर कोणी नवी बाई बसली होती. रझियाखालाने मला पाहून मशीन बंद केलं, तिच्या बाजूचं सुतळीचं पोतं सरकवलं आणि बस म्हणाली. मी आडवळणं न घेता विचारलं, की त्या दिवशी आईने थर्मामीटर नीट लावला होता का. खाला बोटाला गुंडाळलेला धागा सोडवत राहिली. मग म्हणाली, तुझ्या आईने मला शपथ घातली होती, पण आता ती राहिली नाही आणि मलाही हे पेलत नाही.

"ब्लाउज के ऊपर से पकडा था उसने, जानबूझ के," खाला म्हणाली. "तू दरवाजे पे गयी, तो मैंने गर्दन को हाथ लगाया. तवा था तवा. मैं तुझे आवाज देने लगी तो मेरा मुंह दाब दिया. बोली, मशीन का नंबर लगा है उसका, फिर नहीं लगेगा. जाने दे."

शेडमधली बाकीची मशीनं चालू होती. आईला माझ्या यंत्राचा नंबर माहीत होता. तो हुकला की काय होतं हेही माहीत होतं, कारण मीच जेवताना शंभरदा सांगितलं होतं. थर्मामीटर कसा फसवायचा हेही तिला मी दिलेल्या व्याख्यानातूनच कळलं असणार. अंगाला नीट चिकटून हवा, मध्ये कापड आलं तर आकडा खोटा येतो, असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

खालाने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात पुढे आला, उलटा, आणि बोटांची मागची बाजू माझ्या मानेला लागली. बोटं खरखरीत होती, कांड्या भरणाऱ्या बायकांची असतात तशी. आईची अशीच होती. इतक्या दिवसांत मला कोणी काही कमी केलं होतं असं नाही. लोकांनी मिठ्या मारल्या होत्या, डोक्यावरून हात फिरवले होते. पण माझा ताप कोणी पाहिला नव्हता. बदन तो ठंडा है, असं खाला म्हणाली, आणि तिने हात काढला नाही. तशीच धरून बसली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. आधी हनुवटी हलायला लागली, मग खांदे. नव्या बाईने तिचं मशीन बंद केलं. मी रडले तेव्हा फार दुखलं, बसून बसून मेलेला पाय जागा होताना दुखतो तसं, आणि मला ते थांबावंसं वाटत नव्हतं.

रेघ प्रबंधात आहे, एकशे बाराव्या पानावर. आकृतीखाली, स्फटिकाचं खरं तापमान परत आलेल्या उजेडाच्या दोन्ही बाजू मोजून काढलं आहे, असं एक वाक्य आहे. ते आईचं, उजेडाच्या हाताचं वाक्य आहे असं मला वाटतं, आणि ते तिथे तसं लिहिता आलं नाही. सगळं कळल्यावर माझं ओझं हलकं झालं असंही नाही. तिने फसवलं, हे खरं. मी फसायला तयार होते, हेही खरं. घाईत असलेल्या माणसाला फसवणं फार सोपं असतं. बाकी दिवसांचं म्हणाल तर बरीचशी सुन्नता अजून आहे. कधी ती आठवडाभर राहते आणि मग एखादी मुलगी तापमापी काठाला टेकवते.

काल परीक्षा आटपून घरी आले तर बाबा खाटेवर पडून होते. आता ते कामावर जात नाहीत. चाळीस वर्षांच्या लूमने त्यांचे कान नेले, मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं. डोळे लाल दिसत होते. मी खुणेनेच विचारलं, तर म्हणाले, मी बरा हाय, ताप न्हाय मला, तू तुझे पेपर तपास. आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. कपाटात थर्मामीटर आहे, पण मी कपाटाकडे गेले नाही. पेपरचा गठ्ठा खाली ठेवला, खाटेच्या कडेला बसले आणि चादर बाजूला करून उलटा हात त्यांच्या मानेला लावला. त्यांनी मान सोडवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पलीकडे लूम चालू होते. हाताखाली त्यांची नाडी लागत होती.

"काय लागलं का हाताला?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

थांबा जरा, मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं. मी हात तसाच ठेवला.